आवाज कुठे बसवू?

१

आमची गाडी सुरू व्हायला किल्लीपेक्षा नवऱ्याच्या बोटाला जास्त वेळ लागायचा. सकाळी मी दोन्ही डबे, बाटल्या आणि माझी पर्स सांभाळत शेजारच्या सीटवर बसले, की हा आधी समोरच्या पडद्याला हात लावणार. बास एक घर खाली. ट्रेबल अर्धं वर. मग मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकणार आणि बास पुन्हा होता तिथे नेऊन ठेवणार. कारखान्यात तयार मालातली खोट शोधणं हे त्याचं काम, आणि ते तो सुट्टीच्या दिवशीही इमानेइतबारे करायचा. गाण्यात खोट, चहात खोट, आणि माझ्याकडे तर काय, ठोक मालच पडलेला होता.

मी तोंड उघडलं की तो म्हणायचा, "आवाज कमी कर जरा." हे मला आहे की गाण्याला, हे लग्नानंतर बराच काळ मला उमगत नव्हतं. पण गाणं काही तो कधी कमी करायचा नाही, त्यावरून काय ते समजलं.

आता माझं सांगते. मी बोलूनच पोट भरते. अ‍ॅम्ब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात कानाला हेडफोन लावून बसायचं आणि येतील ते फोन घ्यायचे. पलीकडचा माणूस रडत असतो, ओरडत असतो, स्वतःच्या घराचा पत्ता विसरलेला असतो. गाडी त्याच्या दारात पोचेपर्यंत त्याला नुसत्या आवाजावर धरून ठेवायचं. "घाबरू नका ना, मी आहे ना इथे," असं मी म्हणते. माझ्या या 'ना'ची कक्षात सगळे टिंगल करतात, पण त्या 'ना'ला धरून लोक तग धरतात, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. रूप बेताचं, शिक्षण बेताचं. देवाने एवढी एकच वस्तू मला हात सैल सोडून दिली होती आणि तिचा मला गर्व होता. अजूनही आहे, असं लिहायला हात धजत नाही.

२

मूळच्या स्पीकरना कंटाळून नवऱ्याने नवी यंत्रणा बसवून घेतली. ती बसवणाऱ्या कारागिराला सगळे मास्तर म्हणत. दुकान म्हणजे लांबट गाळा, भिंतींना जाड काळा फोम, आत शिरलं की कानात कापूस घातल्यासारखं वाटायचं. मास्तर कमी बोलायचा आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायचा.

तारा जोडून झाल्यावर त्याने पडद्यावर गाडीचं वरून दिसणारं चित्र आणलं. चार सीटा आणि एक पांढरा ठिपका. तो ठिपका जिथे न्याल तिथे गाणं जमून येतं, बाकीच्यांना मिळेल ते. त्याने विचारलं, "आवाज कुठे बसवू?"

"माझ्या जागेवर," नवरा म्हणाला.

"आणि ताईंना?"

"ती बोलते. ऐकायचं काम माझ्याकडे आहे."

मास्तर हसला. मीही हसले, आणि आपण का हसलो याचा मला राग आला.

मग त्याने दोन सीटांच्या मधोमध एका काठीवर शेंगदाण्याएवढा माइक लावला. गाडीचा स्वतःचा गोंगाट मोजायचा होता. इंजिन, एसी, पंखे, जे काही नको असेल ते. यंत्र तेवढा गोंगाट ओळखून ठेवतं आणि नंतर कायमचा वजा करतं. इंजिन सुरू झालं. कोणी बोलायचं नाही, असं त्याने बजावलं. नेमका तेव्हा आईचा फोन आला. ती दूर एकटी राहते, तिचा फोन न उचलणं मला जमत नाही. मी हळूच म्हटलं, "आई, नंतर करते ना, इथे आवाज बसवतायत."

मास्तरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, बोललात तुम्ही. हे आता गोंगाटात धरलं जाईल. परत घ्यावं लागेल."

नवऱ्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या, तेच कायम करा. गाडीच्या गोंगाटात हिचं बोलणं धरायलाच हवं, रोजचंच आहे ते. मास्तरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. मग त्याने बटण दाबलं.

३

खरं सांगायचं तर आवाज सुरेख बसला होता. गाणारा जणू नवऱ्याच्या समोर, काचेच्या आतच उभा असायचा. माझ्या बाजूला त्याचा पाठमोरा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बोलत होते. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, प्लंबर संध्याकाळी यायचाय, तू लवकर ये. नवऱ्याने हूं की चूं केलं नाही. यात नवीन काही नव्हतं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. मग जरा चढ्या सुरात सांगितलं. मग त्याला चार शब्द सुनावले, जे मी इथे लिहिणार नाही. तो स्टिअरिंगवर ताल धरून बसला होता.

कामाच्या ठिकाणी उतरताना मी दार उघडलं, तेव्हा तो म्हणाला, "आज गप्प गप्प होतीस. बरं वाटलं."

"मी नळाचं सांगत होते."

"कधी?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा खवचटपणा मला चांगला पाठ आहे, आणि तो यात नव्हता.

मी स्वतःची समजूत घातली. यंत्र गोंगाट वजा करतं, माझा आवाज गोंगाटात धरला गेलाय, म्हणजे गाडीत तो वजा होणार. सरळ हिशेब आहे. एवढंसं यंत्र शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं समूळ पुसू शकत नाही, हेही मला कळत होतं, पण अर्धवट का होईना, कारण हातात होतं. दार उघडलं की मी ऐकू येते आणि मिटलं की नाही, हे मी दोन-तीनदा करून पाहिलं. ते परत मोजून घेऊ असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, आत्ता कुठे नीट बसलंय, हात लावायचा नाही.

त्याच आठवड्यात ते झालं. रस्ता सांगणारी बाई आमच्या गाडीत आधीपासून होती. पत्र्याच्या आवाजाची, सगळ्यांना अहो-जाहो करणारी. 'पुढे डावीकडे वळा.' त्या सकाळी रस्ता खोदलेला होता म्हणून नवऱ्याने तिला विचारलं होतं. चौक जवळ आला आणि माझ्या पाठीमागच्या स्पीकरमधून आलं, "डावीकडे वळ ना."

नवरा वळला. वळताना तो हसत होता, मऊ हसत होता. मी सांगितल्यावर तो असा कधी वळला नव्हता.

"ऐकलंस?" मी म्हटलं. त्याने अर्थातच ते ऐकलं नाही.

४

गाडीबाहेर माझं सगळं ठीक आहे, असं मी रोज स्वतःला सांगायची. दुकानात भाव विचारले की उत्तर मिळायचं, शेजारीण जिन्यात थांबून गप्पा मारायची. फक्त घरी नवऱ्याला मी एकदा सांगितलेलं पुरेनासं झालं. मग दोनदा. मग मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायला लागले.

त्या दुपारी कक्षात एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. त्याची बायको न्हाणीघरात पडली होती. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "घाबरू नका ना, पत्ता सांगा."

"हॅलो?" तो म्हणाला.

"मी ऐकतेय, सांगा."

"हॅलो? कोणी आहे का? अहो, कोणीतरी बोला."

मी माइक तपासला. तार तपासली. मग मी ओरडले, गळ्याच्या शिरा फुगेस्तोवर ओरडले. माझं मला स्वच्छ ऐकू येत होतं. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली नाही. शेवटी माझे हात हललेले पाहून वरिष्ठ बाई धावत आल्या, त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन ओढून घेतला आणि म्हाताऱ्याला सावरलं. गाडी वेळेत पोचली, त्याची बायको वाचली. पण त्याचं ते 'कोणीतरी बोला' माझ्या कानातून गेलं नाही.

"आवाज बसलाय तुझा," बाई म्हणाल्या. "नुसते ओठ हलतायत. घरी जा, घसा दाखव."

बसलाय. आजवर हजारदा ऐकलेला शब्द. बसलाय, हे खरं. कुठे, ते कोणी विचारत नव्हतं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. आत सगळं ठणठणीत होतं, स्वरपडदे मिटत होते, उघडत होते. त्यांनी मला 'आ' म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, मनावर ताण असेल, काही दिवस मौन पाळा. मी त्यांच्या तोंडावर खदखदून हसले आणि त्यांना तेही ऐकू आलं नाही.

बाईंनी मला रजेवर पाठवलं. बोलता येईल तेव्हाच या, नाही आलं तर बघू, असं त्या म्हणाल्या. त्यातला 'बघू' कसा असतो ते मी इतरांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

५

घरात आता शांतता होती आणि ती नवऱ्याला मानवली होती. त्याने एकदाही विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. मी कागदावर लिहून त्याच्यासमोर धरलं, तर तो कागद बाजूला सारून भाजीतलं मीठ कमी आहे म्हणाला. मला त्याचा इतका संताप आला की मी ताट उचलून आपटलं. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या घरात काही पडलं की आपण भिंतीकडे पाहतो, तितपतच.

संध्याकाळी तो उशिरा वर यायला लागला. गाडी खाली लागलेली मला खिडकीतून दिसायची, पण हा आतच बसलेला असायचा. काचा बंद, गाणंही नाही. मला वाटलं, दुसरी कोणी असेल, फोनवर बोलत असेल. खरं सांगते, तसं असतं तर मी सुखाने भांडले असते.

मग आईचा फोन आला. मी उचलला आणि सवयीने म्हटलं, "बोल गं."

"हॅलो? हॅलो?" आई म्हणाली. "येत नाही बघ तुझा आवाज. घरात रेंज नाही का? असू दे. एवढंच सांगायचं होतं, काल तासभर बोललीस ना, मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी अशी शांत बोललीस. आता भांडत नाही म्हणालीस, ते चांगलं केलंस बाई."

मी काल आईशी बोललेच नव्हते. माझा फोन दिवसभर माझ्या उशाशी होता. मग आठवलं, तो गाडीला जोडलेला आहे. नवरा खाली गाडीत असला की गाडी तो वरूनही पकडते.

मी फोनवर आईच्या नावाने टाहो फोडला. अगं ती मी नव्हते, आई, ती मी नव्हते.

"हॅलो?" आई म्हणाली. "काही येत नाही. गाडीत बसलीस की कर. तिथून कसं स्वच्छ येतं, शेजारी बसल्यासारखं."

६

रविवारी सकाळी नवरा आंघोळीला गेला आणि मी किल्ली उचलली. गाडी चालवायला मला येते, फक्त तो देत नाही. मी त्याच्या सीटवर बसले. पडदा उजळला आणि त्याने विचारलं, कोणाच्या आवडीची सेटिंग लावू. आधी 'मी' होतं आणि 'मी, लांबचा रस्ता'. त्याच्या खाली एक नवीन होतं. 'दोघं.'

ते मी दाबलं. वरून दिसणारं गाडीचं चित्र आलं. एक ठिपका त्याच्या जागेवर, दुसरा शेजारच्या सीटवर, माझ्या जागेवर. दुसरा ठिपका स्थिर नव्हता. माणूस बसल्या बसल्या जसा जागा बदलतो, तसा किंचित पुढे, किंचित मागे होत होता. मी शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. मी इतक्या घाईने गाडी काढली की फाटकाला घासली.

मास्तरच्या गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. मी मोबाइलवर लिहून दाखवलं, 'माझा आवाज गोंगाटात धरला होता, तो सगळा पुसा. पहिल्यापासून करा.' त्याने वाचलं, खांदे उडवले, काठी लावली, माइक लावला आणि स्वतः कानाला हेडफोन चढवून शेजारच्या सीटच्या दाराशी वाकून उभा राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी तो कंटाळलेला होता. मग कोणीतरी काही सांगू लागल्यावर येतं तसं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर आलं. त्याने मान डोलावली.

"हो ताई," तो म्हणाला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. शेजारच्या सीटकडे बघत होता.

"नाही ताई, नाही पुसत. घाबरू नका. मी आहे."

मी हॉर्न दाबला. तो दचकला आणि हेडफोन उतरवून माझ्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत मला ओळख दिसली नाही. दिसला तो राग, परक्या बाईवर येतो तसा. त्याने दार उघडलं, हात घालून किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "बाई, आधी बाहेर या. ही गाडी तुमची नाही. ताई आत केव्हाच्या रडतायत."

मी त्याचा शर्ट धरला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं, गळा दाखवला, त्याने वाचलेला मोबाइल पुन्हा त्याच्या नाकासमोर धरला. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. मग नवऱ्याला फोन लावला.

नवरा टॅक्सीने आला, ओल्या केसांनी. फाटकाला घासलेल्या पत्र्यावरून त्याने हात फिरवला. मला वाटलं, आता तरी माझ्यावर ओरडेल. ओरड, मी मनात म्हणत होते, ओरड एकदा. तो गाडीत बसला, शेजारी वळून हलक्या आवाजात काहीतरी विचारलं, उत्तराची वाट पाहिली आणि मला तिथेच ठेवून निघून गेला. मास्तरने गाळ्याचं शटर खाली ओढलं. मी चालत घरी निघाले.

७

पोचले तेव्हा भर दुपार होती. आमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये पाण्याचा पंप घरघरत होता आणि कोणाच्या तरी घरात प्रेशर कुकरची शिट्टी झाली. गाडी आपल्या जागेवर उभी होती. काचा वर. नवरा आत होता.

मी खांबाआड थांबले. तो बोलत होता. हात हलवत, मान तिरकी करून, मध्येच हसत. लग्नाआधी तो माझ्याशी असा बोलायचा, हे मला तेव्हा आठवलं. तो बोलायचा थांबला की ऐकायचा. खरोखर ऐकायचा. काचेपलीकडून शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. तो माझा होता. मी बरी असतानाच्या दिवसांतला, न थकलेला, न चिडलेला. मला त्या आवाजाचा हेवा वाटला, आणि मग त्याची इतकी भीती वाटली की तोंडात आपलीच मूठ घालावीशी वाटली.

मी पुढे झाले. माझ्या बाजूच्या दाराशी गेले, जिथे मी इतकी वर्षं डबे सांभाळत बसले होते. सीट नेहमीपेक्षा मागे सरकवलेली होती. पट्टा लावलेला होता. गाडी उभी असताना, रिकाम्या सीटला पट्टा. असेल, पडद्यावरचं लाल चिन्ह जावं म्हणून लावला असेल, एवढा विचार मी करू शकले. मग मी नीट पाहिलं. पट्टा सीटला चिकटलेला नव्हता. तो छातीच्या उंचीवर पुढे आलेला होता, ताणलेला, आणि श्वास घेतल्यासारखा हळूहळू वर-खाली होत होता.

मी काचेवर थाप मारली. नवऱ्याने वर पाहिलं.

मी दुसरी थाप मारली, दोन्ही हातांनी. त्याचा हात पडद्याखालच्या, आवाज कमी-जास्त करायच्या गोल बटणाकडे गेला. रोज सकाळी जायचा तसाच, सवयीने. त्याने ते दोन घरं डावीकडे फिरवलं.

मी काच बडवत होते. तळवे लाल झाले होते, दुखत होते. पंप घरघरत होता, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली, रस्त्यावर एक दुचाकी ठोके देत निघून गेली. माझ्या हातांचा आवाज येत नव्हता. माझ्या चपलांचा नाही. माझ्या धापेचा नाही. मी किंचाळले आणि या वेळी ते मलाही ऐकू आलं नाही.

आतून माझ्या आवाजाने विचारलं, "कोण आहे रे?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन, मालात खोट शोधतात तसं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "तू बोल."